एकतीस टाके

माझ्या भावाला शौर्यपदक मिळाल्याची बातमी गल्लीत सगळ्यांच्या आधी समोरच्या सलूनवाल्याला कळली. आमच्याही आधी. टपालवाला त्या वेळी त्याच्या खुर्चीत अर्ध्या दाढीवर बसला होता, आणि सरकारी पाकीट समोर दिसत असताना ते उजेडाला धरून न वाचणं हे सलूनवाल्याच्या रक्तातच नाही. वस्तरा उगारूनच तो रस्ता ओलांडून आमच्या दुकानात शिरला आणि ओरडला, "मास्तर, पोरानं नाव काढलं!"

माझे वडील तेव्हा कोटाचं कापड कापत होते. कापताना दुकानाला आग लागली तरी ते आधी खडूची रेघ संपेपर्यंत कापतील आणि मग पाणी शोधतील. रेघ संपली तेव्हा त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "आधी तो वस्तरा खाली ठेवा."

आमचं शिवणकामाचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे दोन खोल्यांचं घर. वडिलांना सगळं गाव मास्तर म्हणतं, मी बाबा म्हणते. मी मशीनवर बसते. गिऱ्हाइकं म्हणतात की माझी जीभ मशीनपेक्षा जलद चालते. चालत असेल, पण मशीनला निदान अधूनमधून तेल घालावं लागतं. आईला जाऊन नऊ वर्षं झाली. उरला माझा धाकटा भाऊ. तो इतका किडकिडीत, की गल्लीनं त्याचं नाव टाचणी ठेवलं होतं आणि घरातही तेच रुळलं.

बाबांच्या दुकानात दोन गोष्टी पक्क्या. पहिली म्हणजे त्यांचा शब्द: "उसव." काम पसंत पडलं नाही की "उसव". पसंत पडलं तर गप्प. "छान" हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकलेला नाही. "छान" राहू दे, "चालेल" सुद्धा नाही. दुसरी गोष्ट म्हणजे भिंतीवरचा खिळा. ज्याचा हात थरथरतोय त्यानं कात्री त्या खिळ्याला अडकवायची आणि टेबलापासून उठायचं. ताप असो, भांडण असो, जागरण असो, कारण विचारायचं नाही आणि लाजायचंही नाही. शिवण उसवता येते, पण कापड एकदा कापलं की कापलं. आई गेली तेव्हा बाबांनी स्वतः दीड महिना कात्री खिळ्याला लावली होती. त्या दीड महिन्यात मी कापलं. बँकेच्या साहेबांच्या कोटाची एक बाही दुसरीपेक्षा दोन बोटं लांब झाली. मी त्यांना सांगितलं, एक हात खिशात ठेवत जा, रुबाबदार दिसतं.

टाचणीला दुकानात एकच काम जमायचं, काजं. शर्टाला बटणासाठी जे भोक असतं ना, त्याच्या कडेनं दाट टाके घालून ती कड बांधायची, त्याला काज म्हणतात. बाकी सगळा आनंदच. त्यानं अस्तर लावलं की ते खालून डोकावायचं, त्यानं बाही लावली की ती पाठीमागे बघायची. "उसव, उसव" ऐकून त्याचे कान किटले. लढाई सुरू झाली आणि भिंतींवर भरतीचे कागद लागले, तेव्हा तो मला म्हणाला, "ताई, बाबांपेक्षा शत्रू परवडला." आणि गेला. सैन्यानं त्याचं माप बघितलं आणि त्याला बॉम्ब टाकणाऱ्या विमानाच्या शेपटीत, जिथे खात्यापित्या घरचा माणूस मावत नाही, तिथे मशीनगन देऊन बसवलं.

तर असा आमचा टाचणी एकविसाव्या वर्षी छातीवर पदक लावून दहा दिवसांच्या रजेवर आला. दहाव्या दिवशी दुपारी चार वाजता त्याचा सत्कार ठरला. सत्कार समितीचा अध्यक्ष, चिटणीस आणि वक्ता सलूनवालाच.

पदकाबरोबर जो कागद आला होता त्यावर एवढंच लिहिलं होतं: "शत्रूच्या माऱ्यात विमान सापडले असता दाखवलेले असामान्य धैर्य व प्रसंगावधान." एवढ्यावर सलूनवाल्याचं भागतंय थोडंच? त्याच्या खुर्चीतून पहिल्या दिवशी दोन विमानं पडली. तिसऱ्या दिवशी सात पडली. पाचव्या दिवशी टाचणीनं जळत्या पंखावर रांगत जाऊन आग तोंडानं फुंकून विझवली. तोंडानं! मी म्हटलं, "अहो, तो फुंकायला गेला असता तर स्वतःच उडून गेला असता." तर म्हणतो, "बहिणीला भावाची किंमत नसते." उचलली जीभ लावली टाळ्याला.

बाबा रोज जेवताना विचारायचे, "नक्की काय केलंस तू?"

"काही नाही बाबा, थोडं शिवणकाम."

"मस्करी नको."

"मस्करी नाही."

मग बाबा जेवणात डोकं घालायचे. त्यांना वाटायचं, पोराला पदक चढलं. आणि तसं वाटण्याजोगं तो वागतही होता. एक म्हणजे त्यानं चहा सोडला होता. दोन तपेली चहा पिणारा मुलगा कपाकडे बघेना. दुसरं म्हणजे, दिवसभर दोन्ही हात खिशात. शेजारी अभिनंदनाला आले, हात खिशात. शाळेतले जुने गुरुजी आले, हात खिशात, नुसती मान लववली. बाबांचा जीव वरखाली व्हायचा, पण शिष्टाचारासाठी नव्हे. पँटसाठी. ती पँट त्यांनी स्वतः शिवली होती.

"हात काढ! खिसे बसतील! सहा महिन्यांत पोतं होईल त्या पँटचं!"

"सवय झाली बाबा."

"खिसा रुमालासाठी असतो. हात ठेवायला देवानं बाह्या दिल्यात!"

देवानं बाह्या दिल्यात हे ऐकून मला हसू आवरेना. टाचणी हसला नाही. तिथेच मला शंका यायला हवी होती.

शंका आली आठव्या दिवशी. त्याचा गणवेश इस्त्रीला घेतला. आमच्याकडे इस्त्री टेकवण्याआधी प्रत्येक खिसा उलटा करतात, कारण एकदा एका नवरदेवाच्या खिशात मेणबत्ती निघाली होती. टाचणी सैन्यात जाऊन हे विसरला. आतल्या खिशातून चार घड्यांचा कागद पडला. आता दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मलाही कळतं. पण इस्त्री गरम होती, कागद चुरगळलेला होता, सरळ तर करावाच लागणार होता.

त्यावर लिहिलं होतं की सदर जवानास उड्डाणावरून काढून, जमिनीवर नव्या मुलांना शिकवण्याच्या कामावर नेमता येईल. संमती असल्यास खाली सही करावी आणि रजा संपताना कागद विमानाच्या कप्तानाकडे द्यावा. सहीची जागा कोरी.

मी त्याला मागच्या खोलीत ओढलं. "यावर सही का नाही? पेन देऊ?"

त्यानं उजवा हात खिशातून काढला आणि माझ्यासमोर धरला. पाखरू मुठीत धरल्यावर जसं धडधडतं, तसा तो हात थरथरत होता. नुसती बोटं नाहीत, मनगटापासून.

"परत उतरलो त्या दिवसापासून असंच आहे," तो म्हणाला. "कप धरला की सगळा चहा बशीत. बाबांसमोर कसा पिऊ?"

माझ्या जिभेनं आयुष्यात पहिल्यांदा दगा दिला. मी त्याचा हात माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरला. म्हटलं, आता थांबेल. नाही थांबला. उलट माझेही हात हलायला लागले.

"मग सही कर ना रे, सोन्या."

"आणि गल्ली काय म्हणेल? पंखावर रांगणारा वीर खडू घेऊन फळ्यापुढे उभा राहिला? आणि मी खाली बसलो तर माझ्या जागी दुसरं कुणीतरी बसेल. त्याचं काही झालं तर?"

"आणि तुझं काही झालं तर?"

"तू बाबांना सांगणार नाहीस. शपथ घे."

मी घेतली. दोन दिवस मी त्याच्या मागे हात धुऊन लागले. गोडीत सांगितलं, रागात सांगितलं, एकदा इस्त्री दाखवून सांगितलं. तो ऐकेना. आणि समोर सलूनवाला कमान बांधत होता. लाल कापडावर पांढरी अक्षरं, ज्याला भय ठाऊक नाही. ते कापड आमच्याच दुकानातून गेलं होतं आणि ती अक्षरं मीच शिवली होती. ज्या कुऱ्हाडीनं पाय तुटतो तिला धार मीच लावून दिली, दुसरं काय!

दहाव्या दिवशी सकाळी अकराला दुकानापुढे सैन्याची गाडी थांबली. आतून एक भलामोठा माणूस उतरला. डावा पाय जरा जपून टाकत तो आत आला आणि त्यानं बाबांना सलाम ठोकला. "मास्तर, मी कप्तान. तुमच्या मुलाचं विमान मी चालवतो. आमचा टेलर कुठे आहे?"

"टेलर?" बाबांनी इकडेतिकडे पाहिलं. "टेलर मी."

"नाही, आमचा. सगळं विमानतळ त्याला टेलरच म्हणतं."

"त्याला? अहो, त्याला पँटची खालची पट्टी दुमडता येत नाही!"

"पण त्यानं मला शिवलं ना," कप्तान म्हणाला आणि मांडीवर थाप मारली. "इथे. पदक त्याचंच आहे."

टाचणी दारात येऊन उभा होता, हात खिशात. सलूनवाला गाडी बघून धावतच आला होता, त्याच्यामागे अर्धी गल्ली. आणि मग कप्तानानं सांगितलं. विमानाला मार बसला. दोघे जखमी झाले. त्या दोघांना बांधण्यातच सगळ्या पट्ट्या संपल्या. कप्तानाची मांडी वीतभर फाटलेली, रक्त थांबेना, आणि चालवणारा दुसरा कुणी नाही. शेपटीतून टाचणी रांगत पुढे आला. त्याच्याकडे एक सुई होती आणि मेण लावलेल्या दोऱ्याचं रीळ. घरून निघताना दुकानातलं उचललं होतं.

"माझं मेणाचं रीळ!" बाबा म्हणाले. "दोन वर्षं शोधतोय मी!"

"विमान मी चालवत होतो आणि हा खाली बसून शिवत होता. म्हणे पाय हलवू नका. अरे बाबा, सुकाणू पायानंच दाबायचं असतं! बेशुद्ध पडलो असतो तर सहाही जण गेलो असतो."

बाबांनी गळ्यातली मापाची फीत नीट केली, चष्मा चढवला आणि कपडे घालून बघायच्या कोपऱ्यातला पडदा बाजूला केला. "आत या."

"कशाला?"

"काम बघायचंय."

एवढा मोठा लढवय्या, पण बाबांच्या त्या आवाजापुढे बँकेच्या साहेबांचंही काही चालत नाही. तो मुकाट्यानं आत गेला. पडदा पडला. पडद्याखालून आम्हाला फक्त चार पाय दिसत होते. मग दोन पायांभोवती पँट खाली आली.

"उजेडाकडे वळा," बाबांचा आवाज. "अजून. हं. हे काय केलंय यानं? हे काज आहे!"

"काय आहे?"

"काज! बटणाचं! माणसाला काज करतात का कुठे? जखमेला साधी शिवण घालायची की नाही?"

"बाबा, मला तेवढंच येतं," टाचणी दारातून म्हणाला.

"डॉक्टर म्हणाले की घट्ट होतं म्हणूनच रक्त थांबलं," पडद्याआडून कप्तान केविलवाण्या आवाजात म्हणाला. "दोरा काढताना घामाघूम झाले ते."

"काढणारच. माझा दोरा आहे." मग बाबा खुणा मोजायला लागले. ते मोजत होते आणि अख्खी गल्ली श्वास रोखून ऐकत होती. "एकतीस टाके. अंतर सारखं आहे... सारखं... सतराव्याला घसरलाय."

"तेव्हा विमान घसरलं होतं, मास्तर."

"विमान घसरलं म्हणून टाका घसरू द्यायचा नसतो."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. सलूनवाल्याला मात्र धीर धरवेना. त्याचं संध्याकाळचं भाषण हातातून निसटत होतं. तो पडद्याला तोंड लावून म्हणाला, "कप्तानसाहेब, पण तेव्हा आपला वीर बिलकूल घाबरला नव्हता, हो ना?"

"घाबरला नव्हता? अहो, भोकाड पसरून रडत होता! पहिल्या टाक्यापासून एकतिसाव्यापर्यंत. आई आई करत होता. पण हात थांबला नाही त्याचा."

मी टाचणीकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. सगळी गल्ली त्याच्याकडेच बघत होती. सलूनवाल्यानं हळूच खिशातून भाषणाचा कागद काढला, पाहिला आणि परत ठेवला.

पडद्याआडून बाबांनी विचारलं, वेगळ्याच आवाजात, "हात कापत होता का त्याचा?"

"तेव्हा नाही. तेव्हा एकदाही नाही. उतरल्यावर सुरू झालं, ते अजून थांबलं नाही. म्हणून तर मी त्याला कागद दिलाय. सही झाली का, तेच बघायला आलोय मी. साडेपाचला निघायचंय."

पडदा सरकला. कप्तान अजून पट्टा बांधत होता. बाबा सरळ टाचणीसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हात काढ."

दहा दिवस हेच दोन शब्द ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला होता. या वेळी ते ओरडले नाहीत. टाचणीनं हात काढले. बाबांनी ते पाहिले, फक्त पाहिले. मग त्यांनी भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही म्हणाला असता, उसव."

बाबांनी टेबलावरचं कापड बाजूला केलं. "कागद आण," ते मला म्हणाले. माझी शपथ मोडायची वेळच आली नाही. कागद कुठे आहे हे मला ठाऊक असणार, असं ते आपलं धरूनच चालले. बापाला काय कळत नाही!

"बाबा, माझ्या जागी दुसरं कुणी बसेल," टाचणी म्हणाला.

"बसेल. आणि त्याला शिकवायला तू असशील. तू या हातांनी मागे बसलास तर काय होईल? एकट्याच्या अंगावरचं कापड असतं तर म्हटलं असतं, काप, तुझं तू बघ. सहा जणांचं कापड आहे ते."

"आणि लोक?"

बाबांनी वळून गल्लीकडे पाहिलं. सलूनवाला एक पाऊल मागे सरकला. "यांच्यापैकी कुणी एक सरळ काज करून दाखवावं," बाबा म्हणाले. "जमिनीवर. बसून."

कुणीच पुढे आलं नाही.

टाचणीनं पेन घेतलं. कागद सरकू नये म्हणून मी एका कोपऱ्यावर थंड इस्त्री ठेवली आणि दुसऱ्यावर कात्री. त्याला वेळ लागला. पेन दोनदा घसरलं. तिसऱ्यांदा त्यानं मनगट टेबलावर दाबून धरलं आणि नाव काढलं, वरखाली जाणारं, मध्येच तुटलेलं, शेवटच्या अक्षराला रेघेबाहेर पडलेलं. बाबांनी कागद उचलला, उजेडाला धरला आणि चष्म्याच्या वरून, मग चष्म्यातून पाहिला. आम्ही सगळे थांबलो. अशी वाकडीतिकडी गोष्ट बाबांच्या हातात गेली की पुढचा शब्द कोणता, हे माझ्या पोटाला पाठ आहे.

"चालेल," बाबा म्हणाले.

मी मशीनवर जाऊन बसले आणि काही कापड नसताना पायडल मारत राहिले, कारण मला रडू फुटलं होतं आणि आवाज कशात तरी लपवायला हवा होता. बाबा खडू शोधत होते. खडू त्यांच्या कानावरच होता.

चारला सत्कार झाला. मी कमानीवरच्या कापडातून "नाही" तेवढं उसवून काढलं. ज्याला भय ठाऊक. वाक्य जरा लंगडं झालं, पण खरं झालं. सलूनवाल्यानं भाषणात एकही विमान पाडलं नाही. त्यानं एकतीस टाके सांगितले, रडण्यासकट, आणि सतरावा टाका सांगताना तो स्वतःच इतका रडला की त्याला खाली बसवावं लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाचणी पदक लावून व्यासपीठावर उभा होता, दोन्ही हात पँटच्या खिशात कोपरापर्यंत खुपसून.

पहिल्या रांगेत सलूनवाला नाक पुसत बाबांकडे वाकला. "मास्तर, बघा, खिसे बसतायत."

"बसू देत," बाबा म्हणाले. "मी नवे लावीन."